मुठीतली वेणी

एम.ए.च्या वर्गात मी अमेरिकेतल्या एका आदिवासी मुलीची गोष्ट शिकवत होते. निवासी शाळेत पहिल्याच दिवशी तिचे केस कापतात, तिथवर आले आणि दिसलं, मागच्या बाकावरच्या सविताने आपली लांब वेणी पुढे ओढून मुठीत घट्ट धरलीय.

"काय गं?"

"आमच्या आश्रमशाळेतही कापले होते, मॅडम. उवा होतात म्हणून. दिवाळीला आई न्यायला आली, तर सगळ्या पोरी सारख्याच. माझ्यासमोरून पुढे निघून गेली."

एरवी या गोष्टीवर मी 'सांस्कृतिक विस्थापन' अशी टीप लिहून देते. त्या दिवशी दिली नाही.

सविता शिकून गेली. मी अजून दरवर्षी ती गोष्ट उघडते, आणि डोळ्यांसमोर कुणाचीतरी आई बाकांमधून एकेक चेहरा निरखत येते, सगळ्यांना ओलांडून पुढे जाते.