उन्हाळ्यात करून टाकू

भगवान गेल्याची बातमी मला तो जायच्या सहा आठवडे आधीच कळली. कुणी सांगितली नाही. माझ्याच लॅबमधल्या यंत्रानं कागदावर छापून हातात दिली. जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांच्या गल्लीत, माझी रक्त तपासायची लॅब आहे. तीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे काही आकडे बघितले की पुढचं सगळं दिसतं. त्या सकाळी मी तेच रक्त पुन्हा लावलं, मग तिसऱ्यांदा लावलं. यंत्र बिघडलेलं असू दे, असा धावा जन्मात पहिल्यांदा केला. वरच्या मजल्यावर, माझ्या घरी, भगवान, सुरेखावहिनी आणि त्यांची लेक तन्वी भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा सुशीला खात बसले होते. जिना चढून गेलो तर भगवाननं ताटलीतून मान वर केली. डोळ्यांचा पिवळेपणा उजेडात जास्तच दिसला. “काय रे शेष्या, पास का नापास?” मी म्हणालो, “मशीन बंद पडून राह्यलं सकाळपासून. दुपारी सांगतो.” आयुष्यात त्याच्याशी खोटं बोललो ते तेवढंच... आणि तेही त्याला कळलंच.

आम्ही दोघं आष्टीचे. एका बाकावर बसून दहावी झालो. तो इंजिनिअर होऊन कॅनडाला गेला, मी लॅबचा कोर्स करून जालन्यात राहिलो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. गल्लीतले लोक मला डॉक्टरसाहेब म्हणतात आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. ऐकायला गोड वाटायचं, दुसरं काय! तिकडच्या शाळांना जूनअखेर सुट्टी लागते, म्हणून त्यांचा उन्हाळा आमच्या पेरणीनंतर यायचा. आंबे संपलेले असायचे. “तुझा उन्हाळा म्हणजे वरात गेल्यावर आलेला पाहुणा,” असं मी त्याला दरवर्षी चिडवायचो. पण एकही वर्ष चुकवलं नाही त्यानं. मधली ती साथीची दोन वर्षं सोडली, तर नव्या जालन्यातला त्याचा फ्लॅट जुलैमध्ये उघडला नाही असं झालं नाही.

आणि येताना वर्षभराची मोडतोड घेऊन यायचा. बुटांचे निघालेले तळवे, कुकरची सैल झालेली रिंग, चष्म्याची तुटकी काडी, आणि स्वतःचे दात. खिशात यादी असायची, एकेक काम झालं की त्यावर बरोबरची खूण. कॅनडात हे होत नाही का, असं विचारलं की म्हणायचा, “होतं रे. पण तिथं कुणाला सांगावं लागतं की मी कोण हाय. इथं नुसतं तोंड दाखवलं की झालं.” उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सात वाजता तिघं उपाशीपोटी माझ्या दारात. पन्नाशी उलटली तरी सुईला घाबरायचा. तोंड भिंतीकडे करून एकोणतिसाचा पाढा म्हणायचा, आणि मी मुद्दाम अठ्ठावन्नपर्यंत सुई लावायचोच नाही. तन्वी लहानपणापासून ते बघत हसायची. सकाळी रक्त, दुपारी रिपोर्ट, संध्याकाळी आपल्या ओळखीचे डॉक्टर. आम्हाला त्याचा केवढा अभिमान! सगळं कसं जल्दी, बराबर. या वर्षी त्यानं पाढा म्हटला नाही. सुई आत जाताना सरळ तिच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे बघून मी त्या दिवशी एकट्याचंच रक्त घेतलं, दोघींचं नंतर बघू म्हणालो.

आता जे सांगायचं ते फेब्रुवारीतलं आहे. त्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाला, “शेष्या, पाठीत मधूनच कळ येऊन राह्यली. जेवण जाईना. वजन उतरलं, सुरेखा म्हणती, बरंच झालं, पोट कमी झालं.” मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतो? “स्कॅन सांगितलाय. मार्चची तारीख दिली. पण त्याच दिवशी आमच्या ऑफिसचं मोठं काम हाय. काय करू?” एवढंच विचारलं होतं त्यानं. काय करू? आणि मी, डॉक्टरसाहेब, दुकानात चार गिऱ्हाईकं बसलेली, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “अरे मंग सोड की! तिथं एका कामाला चार फेऱ्या. उन्हाळ्यात ये, दोन दिवसांत सगळं करून टाकू.” तो हसला. “बिलकुल,” म्हणाला. फोन ठेवल्यावर मी छाती फुगवून पुढचं नाव पुकारलं.

संभाजीनगरला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि आधी मलाच विचारलं, कधीपासून होतं हे? वहिनी शेजारीच उभ्या होत्या. मी फाइलमधले कागद लावत बसलो. थोडं आधी आला असतात तर, असं ते म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडलं. स्वादुपिंडातला कॅन्सर यकृतात गेला होता, ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. चार महिने आधी कळून फरक पडला असता का, ते मी नंतर तिघा डॉक्टरांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली. मला त्यातलं कुठलंही घेऊन झोप लागत नाही.

फ्लॅटवर आणल्यापासून मी रोज सकाळी पेटी घेऊन जायचो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता रोज तपासून काही उपयोग नाही. तरी जायचो, रक्त काढायचो, आकडे वाढलेले बघायचो. मला दुसरं येतं काय? हातातली कातडी कागदासारखी झाली, शीर सापडेना, तरी मी शोधत राहायचो. एके दिवशी त्यानं हात मागे घेतला. “बस कर शेष्या. आता पेटी घेऊन येऊ नकोस. नुसता येत जा.” मग मी नुसता जायचो, आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते कळायचं नाही. एकदा धीर करून म्हणालो, “भग्या, त्या फेब्रुवारीत मी जे बोल्लो...” त्यानं डोळे मिटले. तसेच मिटलेले ठेवून विचारलं, “आष्टीकडं सोयाबीन कसं हाय औंदा?” मी सोयाबीनचं सांगत बसलो. मला एकदा तरी त्यानं शिव्या घालायला हव्या होत्या. आईवरून घालायचा एरवी, चहात साखर कमी पडली तरी! ऑगस्टच्या मध्याला तो गेला. परतीची तीन तिकिटं महिनाअखेरची होती. तन्वीचं कॉलेज सुरू होणार होतं, वहिनींची नोकरी थांबणार नव्हती. त्यातलं एक रद्द केलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सातला मी लॅब उघडली, तर पायरीवर दोघी उभ्या. वहिनी आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. “या वर्षी आमचं दोघींचं राहिलं, भाऊजी.” मला सुईचं पाकीट फोडता येईना. म्हणालो, “इथं नको, वहिनी. तिथं गेल्या गेल्या करा. माझ्याकडं नका करू.” का, असं त्यांनी विचारलं. तन्वी दारात होती. तिच्यासमोर बोलावं की नाही, तेही सुचलं नाही, बोलून गेलो. सगळं सांगितलं. त्यानं विचारलं होतं, मी सोड म्हणालो होतो, चार गिऱ्हाइकांपुढं मोठेपणा केला होता.

वहिनींनी मांडीवरची पर्स खाली ठेवली. मग म्हणाल्या, “फोन स्पीकरवर होता, भाऊजी. मी तिथंच पोळ्या लाटत होते.” आवाज अगदी सरळ होता. “त्यांचं मन होत नव्हतं तारीख सोडायचं. दोन दिवस घुटमळत होते. मीच म्हणलं, शेषरावभाऊजी म्हणतात ना, मंग कशाला? आपल्या माणसांत झालेलं बरं... माझ्या हातानं रद्द केली मी ती तारीख.”

मी हातातलं न फोडलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. गल्लीत गाडीतून पोती उतरवायला लागले होते. वहिनींनी बाही वर केली आणि हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

“घ्या आता,” त्या म्हणाल्या. “पोरगी काल रात्रीपासून उपाशी आहे.”