स्पीकर टेबलावर होते

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या धंद्यात तो परवडतही नाही. मशीन आपोआप चालू होतं, स्क्रीन आपोआप हलते... असल्या तक्रारी घेऊन कुणी ना कुणी येतच असतं, आणि उघडून बघावं तर आत पाणी गेलेलं असतं नाहीतर झुरळ. त्यामुळे हे लिहितोय ते कुणाला पटावं म्हणून नाही. डोक्यातून जात नाहीये, एवढंच.

नगरला केडगावात, पुणे रोडला लागून माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात जामखेडहून वंदनाताई आल्या. शाळेत शिक्षिका. पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक हँडहेल्ड गेमिंग कॉम्प्युटर — दोन्ही हातांत धरून खेळतात, मध्ये स्क्रीन आणि कडेला बटणं, तसला. त्यांच्या धाकट्या भावाचा, सागरचा. सागर पुण्यात नोकरीला होता. तापाचं निमित्त झालं आणि गेला.

"आमच्या वडिलांना दिसत नाही," त्या म्हणाल्या. "सागर मित्रांशी बोलत बोलत गेम खेळायचा, त्याची रेकॉर्डिंग आहेत यात. आप्पा दिवसभर तीच ऐकतात. बटणं हाताला पाठ झालीत त्यांच्या. पण आता हे मधेच बंद पडतं."

डेटा साठवते ती ड्राइव्ह जायला आली होती. नवीन टाकली, विंडोज नव्याने भरली, जुन्यातून निघेल तेवढा डेटा काढला. त्यात एक फोल्डर असा निघाला की जो जुन्या ड्राइव्हवर उघडतच नव्हता. मशीन घरी आलं तेव्हापासून तो तसाच होता म्हणे, कुणी ऐकलेलाच नाही. आत बरीच रेकॉर्डिंग होती.

सगळं झालं... आणि आवाज गायब.

आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारा छोटा प्रोग्राम, टाकला, काढला, परत टाकला. बायोस अपडेट केलं. हेडफोन लावून बघितला, तिथेही शुकशुकाट. गंमत म्हणजे स्क्रीनवर आवाजाची हिरवी पट्टी व्यवस्थित नाचत होती. म्हणजे मशीनच्या मते ते बोलत होतं, फक्त आपल्याला ऐकू येत नव्हतं. असल्या कामात माणूस फार थकतो. मोठं काही बिघडलं असेल तर निदान हात तरी टेकता येतात.

ताईंना फोन करून सांगितलं, अजून थोडे दिवस लागतील. तर दुसऱ्या दिवशी दुपारी बापलेक दोघंही दारात. एसटीने आलेले, घामाघूम.

"आप्पा ऐकेचनात, दादा," ताई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. आप्पांना खुर्चीत बसवून त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "शेवटच्या फोनवर दोघांचं वाजलं होतं. सागर डोळ्यांचं ऑपरेशन करू म्हणत होता, आप्पा नको म्हणाले. त्यानं फोन ठेवून दिला. पोरगं रागातच गेलं, असं आप्पांच्या मनात बसलंय."

मी दोघांना पाणी दिलं आणि कामाला लागलो. मागचं झाकण काढलं. स्पीकरच खराब आहेत का ते बघायला दोन्ही स्पीकर वायरसकट काढून टेबलावर ठेवले. बाकी मशीन चालूच होतं. नव्या फोल्डरमधलं मधलंच एक रेकॉर्डिंग लावून ठेवलं, पट्टी हलते का बघायला. हलत होती.

"जरा माझ्याकडं दे की," आप्पा म्हणाले.

"काका, अजून झालं नाही. आवाज नाहीये."

"आसू दे. नुसतं धरतो."

झाकण तसंच वरून बसवलं आणि दिलं. त्यांनी अंगठे बटणांवर ठेवले. थोड्या वेळाने मान खाली गेली, कान पुढे.

"बोलतोय," ते म्हणाले.

"आप्पा, स्पीकर काढलेत त्याचे," ताई म्हणाल्या.

"गप गं. ऐकू दे मला." आणि मग थांबत थांबत, जसं ऐकू येईल तसं म्हणायला लागले — "मेलो रे, थांब... न्हाई, शनिवारी न्हाई जमायचं. घरी चाललोय... आप्पाला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायचंय. त्यो न्हाईच म्हननार. उचलून गाडीत घालतो..." इथे ते हसले. "माझाच बाप हाय, हट्टी हाय माझ्यासारखा."

दुकानात पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. मी अगदी शेजारी उभा होतो. शपथेवर सांगतो.

तीच फाइल मी पेन ड्राइव्हवरून काउंटरच्या पीसीवर लावली. गेमचा गोंगाट, गोळ्यांचे आवाज, आणि मध्येच एका तरुण मुलाचा आवाज. मेलो रे, थांब. न्हाई, शनिवारी न्हाई जमायचं... शब्दन् शब्द तोच. शेवटचं हट्टी वगैरेसुद्धा. वंदनाताईंनी स्क्रीनवर फाइलची तारीख बघितली, त्या शेवटच्या फोननंतरची होती; त्या स्टुलावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या.

"काका, आणखी एकदा लावू?" मी विचारलं.

"कशाला?" आप्पा म्हणाले. "ऐकलं की मगाशीच."

पुढे दोन दिवस डोकं खाजवून शेवटी जुन्या व्हर्जनचा ड्रायव्हर टाकला आणि आवाज आला. स्पीकर चांगलेच होते. म्हणजे बिघाडाचं उत्तर मिळालं, साधंच होतं. पण त्या दुपारचं मिळालं नाही. ओळखीच्या दोघातिघा टेक्निशियनना विचारलं. एक म्हणाला, आंधळ्या माणसाचे कान तीक्ष्ण असतात, सर्किटची बारीक गुणगुण ऐकू येत असेल. असेलही... पण गुणगुणीतून शब्द? दुसरा म्हणाला, पोरानं फोनवर तेच सांगितलं असेल. पण मग आप्पा इतके दिवस मनाला लावून का बसले असते?

नंतर एकदा ताईंना फोन केला. आवाज नीट येतोय ना, आप्पा ऐकतात ना, विचारलं.

"धरून बसतात रोज," त्या म्हणाल्या. "पण चालू करत नाहीत, दादा. मी विचारलं तर म्हणाले, चार्जिंग कशाला वाया घालवायचं."