पाडव्यापर्यंतची मुदत

मला दहा मिनिटं एका जागी बसलेली घरात कुणी पाहिलं नसेल. "हिच्या पायाला भिंगरी आहे," एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळ्या करून थकलेले वडील म्हणायचे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मला देवळ्याकडच्या माळावर लांडग्यांच्या अभ्यासाचं काम मिळालं, तेव्हा इंदिरानगरातल्या आमच्या घराने सुटकेचा निःश्वास टाकला.

काम धनगरांच्या सोबतीने चालायचं. ज्या मावशींच्या पालावर मी टेकायचे, त्यांची मेंढरं त्याच माळावर चरायची. होळीच्या सुमारास त्यांनीच मला ओढ्याकाठचं बीळ दाखवलं. आत लांडगीची पिल्लं होती, नुकते डोळे उघडलेली. त्या लांडगीने मावशींची कोकरं नेली होती. मावशी तिला शिव्या घालत होत्या आणि बीळही जपून दाखवत होत्या.

लगेच माळाचा मालक येऊन थडकला. त्याच्या विहिरीला पाणी लागलं होतं. आता डोझर लावून माळ सपाट करायचा आणि पावसाळ्यात कांदा घ्यायचा. जमीन त्याची, मी बोलणारी कोण? तरी बोलले. पिल्लांना नीट चालता येईपर्यंत थांबा म्हणून डोकेफोड केली.

"ताई, लांडग्यासाठी कांदा थांबवू काय?" त्याने शांतपणे विचारलं. मला भयंकर राग आला. त्याचं फारसं चुकत नव्हतं, म्हणून जास्तच आला.

तेवढ्यात मावशी पालातून बाहेर आल्या. आत त्यांची सून तान्ह्या बाळाला घेऊन निजली होती.

"डोझरनं वरली माती जाईल, खाली नुसता मुरूम ऱ्हाईल," त्या मालकाला म्हणाल्या. "त्याला खत लागंल. माझी मेंढरं तिथं फुकट बसवते. पर डोझर पाडव्यानंतर आण."

रात्री शेतात मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत मिळतं आणि त्याबदली शेतकरी धनगराला धान्य देतो. फुकट म्हटल्यावर मालक विरघळला.

तो गेल्यावर मी विचारलं, "मावशी, तुमचं काय अडलं होतं?"

"ओल्या बाळंतिणीला कुणी घराबाहेर काढतं का?" म्हणत त्या चुलीकडे वळल्या.

पाडव्यापर्यंत मला चैन नव्हतं. दुर्बीण घेऊन लांबच्या टेकाडावर बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. कुठे ट्रॅक्टर धडधडला की डोझर आला वाटून दुर्बीण तिकडे वळवायचे. मालकाने शब्द फिरवला तर? मधेच लांडगीने आणखी एक कोकरू उचललं. मावशींनी तिचा उद्धार केला, मला मात्र रोजच्यासारखी भाकरी वाढली. ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

पाडव्याच्या आदल्या सकाळी लांडगी पुढे आणि पिल्लं धडपडत मागे, अशी सगळी ओढ्याने वर निघून गेली. मी धावत पाल गाठलं.

"गेली ना? मग आता च्या पी," मावशी म्हणाल्या.

मालकाने शब्द पाळला, मावशींनीही. डोझर फिरला आणि उघड्या मुरमावर त्यांची मेंढरं बसली. त्या पावसाळ्यात कांदा असा पिकला की आजूबाजूच्यांनीही आपापले माळ सपाट केले. पुढच्या वर्षी तिथे तारेचं कुंपण होतं. मेंढरांना चरायला तिथे पाऊल टाकता येईना.

बऱ्याच वर्षांनी मावशी सटाण्याच्या रस्त्याकडेला भेटल्या. मेंढरं डांबराच्या कडेचं खुरटं गवत ओरबाडत होती.

"ती लांडगी दिसते का कधी?" मी विचारलं.

"माळच नाय, तर ती कुठं ऱ्हाईल? आन आमी तरी कुठं ऱ्हायलो?" त्यांनी काठीने एक मेंढी रस्त्यावरून आत वळवली. "कांदा लय झ्याक येतो म्हनं तिथं. येनारच की. खत आमचं हाय."