दर तिसरं पान

रविवार, १२ फेब्रुवारी २०१२, सकाळी साडेअकरा. दिल्ली, प्रदर्शनाचा हॉल. हजर: मी, शेजारच्या सलमाताई मुजावर, परीक्षक म्हणून आलेले डिझाइनचे एक प्राध्यापक.

माझ्या वहीत आधी तारीख आणि हजेरी असते. ऑफिसची सवय. त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे, बाकी कोरं. तिथे काय लिहायला हवं होतं ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

आधी कामाचं सांगू? — हो, ते सोपं आहे. मी कॉम्प्युटरवर वेलबुट्टी करायचे. हाताने नव्हे, प्रोग्रॅमला नियम द्यायचा. एका पानातून दोन लहान पानं, त्या दोघांतून चार, तोच नियम पुन्हा पुन्हा, बारीक होत जाणारा. मग करोल बागेत एकाकडून ती नक्षी लेझरने लाकडी फळीत कापून घ्यायची. पण निम्म्यावर गेलं की पानांवर पानं चढायची आणि सगळी गिचमीड व्हायची. वर्षभर मी आकडे बदलत होते. प्रत्येक प्रयत्नाची नोंद आहे. एकही साधला नाही.

सलमाताई मयूर विहारला आमच्याच मजल्यावर राहायच्या. मूळच्या मिरजेच्या, मिस्टर सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये. मेंदी सुरेख काढायच्या. एकदा माझ्या मुलीच्या हातावर काढत होत्या, तेव्हा मी शेजारी बसले — वही घेऊन. सहज? नाही, मुद्दाम. त्यांचा हात बघत मी सात नियम उतरवले. पाचवा असा: दर तिसरं पान रिकामं, त्यातून पुढे काही फुटू द्यायचं नाही. ते का, म्हणून विचारलं तर हसल्या. "अगं, हाताला श्वास घ्यायला जागा नको?"

दुसऱ्या दिवशी तो नियम प्रोग्रॅममध्ये घातला आणि वेल मोकळा झाला. शेवटच्या बारीक पानापर्यंत.

इथवर काय बिघडलं होतं? काहीच नाही. प्रदर्शनात फळीखाली लावायच्या पाटीवर त्यांच्या नावाची एक ओळ पुरली असती. मी 'संकल्पना' या शब्दापुढे फक्त माझं नाव छापलं. आणि प्रदर्शनाला त्यांना मीच घेऊन गेले — हेही सांगायला हवं. लाकडात कापलेला आपला नियम त्यांना ओळखू येणार नाही, असं मला वाटलं होतं.

प्राध्यापक फळीपाशी बराच वेळ थांबले. रिकाम्या पानांवर बोट ठेवून म्हणाले, "जान तो इसी में है. ये आपको सूझा कैसे?"

मी म्हटलं, "दो सौ बार ट्राय किया, तब जाकर मिला."

सलमाताई शेजारीच होत्या. मराठीत म्हणाल्या, "दोनशे वेळा कशाला गं? मला विचारलं असतंस तर परत एकदा सांगितलं असतं." थट्टेच्या सुरात.

"क्या कह रही हैं?" प्राध्यापकांनी मला विचारलं.

सलमाताईंचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं होतं. मला उघडं पाडायचं असतं तर त्या हिंदीतच बोलल्या असत्या. मराठीत बोलल्या, ते मला सावरायला वेळ मिळावा म्हणून. हे मला नंतर कळलं का? नाही — त्याच क्षणी कळलं.

मी म्हटलं, "कह रही हैं कि मैंने बहुत मेहनत की है."

सलमाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग प्राध्यापकांकडे. "जी, बिल्कुल," म्हणाल्या. आणि मेट्रोने एकट्याच घरी गेल्या.

फळी प्राध्यापकांच्या संस्थेने घेतली. आजही तिथल्या दर्शनी भिंतीवर आहे, खाली पितळी पाटी, पाटीवर माझं नाव. त्या नावावर मला पुढे कामं मिळाली. सलमाताईंनी बोलणं सोडलं नाही. डबे येत-जात राहिले. फक्त पुढच्या सणाला मी मुलीच्या मेंदीचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हात दुखतो गं." त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या नवरीचे दोन्ही हात त्यांनी कोपरापर्यंत भरले. दोन वर्षांनी त्या मिरजेला परत गेल्या.

घाईत तोंडून निघून गेलं, असं मी म्हणणार नाही. घाई नव्हती.

दर जानेवारीत मी नवी वही काढते आणि जुन्या वहीतली राहिलेली कामं तिच्यात उतरवते. गिझर, पॉलिसी, टाकीचं झाकण — ती होतात. एक ओळ दरवर्षी तशीच पुढे येते: संस्थेला पत्र, पाटीवर सलमाताईंचं नाव. यंदाही उतरवली आहे. समोरच्या चौकोनात खूण नाही.