सावडीतला अर्धा दिवस

चैतातलं ऊन सकाळी सातलाच चटके द्यायला लागलं होतं. वारा पार पडलेला, त्यामुळे डोळखांबकडच्या डोंगरांवर धूर जागच्या जागी लटकलेला. बारकी जानकीबाईच्या खाचरात राब रचत होती. खाली शेण, त्यावर ऐनाचे टहाळे, वर पाचोळा, शेवटी मातीचा हलका हात. मग तो जाळायचा, आणि भाजल्या जमिनीत भाताची रोपं करायची. तिची पाठ पहिल्या टोपलीपासूनच कुरकुरत होती.

जानकीबाई पाण्याचा लोटा घेऊन बांधावर आली.

"चैतात कुटली गो सावड फेडतेस?"

"गेल्या साली तापानं पडले व्हते. येक दिस तुजा ऱ्हायला. म्हनलं, फेडून टाकू."

जानकीबाईनं लोटा खाली ठेवला. वीस वर्षं दोघींची सावड होती. लावणीला जानकीच्या घरातल्या चार बाया बारकीच्या दीड एकरात उतरायच्या, मग बारकी आणि तिची लेक शकू त्यांच्या खाचरांत दिवसाला दिवस फेडायच्या. नवरा गेल्यावर बारकीची शेती या सावडीवरच उभी राहिली होती. एकाचा दिवस दुसऱ्याकडे बाकी असला की सावड मोडत नाहीत, ही इथली रीत. आणि अवकाळी कुणी फेडायला आलं, तर ते सावड मोडायलाच आलं, हेही सगळ्यांना ठाऊक.

"म्हंजे सही करतेस तं," जानकीबाई म्हणाली.

"करायची का नाय, तेच कळंना."

"तुजं डोकं! फेडाया आलीस म्हंजे कळलंय तुला."

आंबेखोरं हे मोठं गाव आणि भोवतीचे तीन पाडे, अशी मिळून एक गट ग्रामपंचायत होती. जानकीबाई गावातली, बारकी वेळूकपाड्यावरची. पाड्यांनी फुटून आपली वेगळी पंचायत मागायची, असं चाललं होतं. वाशिंदच्या कारखान्यात जाणाऱ्या लडकूनं अर्ज लिहिला होता. पाड्याची मेंबर म्हणून पहिली सही बारकीची, तिच्यामागून बाकीच्यांची. आज दुपारी शाळेच्या पडवीत. इकडे जानकीबाईचा नवरा बुधाजी पारावर बोलून बसला होता, "पाडे फुटले का सावडबी फुटली."

"तीन वरसं मेंबर हाय मी," बारकी टहाळे पसरत म्हणाली. "सतरंजीच्या कडंला बसते. नळाचं नाव काडलं का म्हनतात, फुडच्या साली. पाइप तुमच्या गावापत्तुर आला न् नाल्याशी मेला. हंड्यापायी शकूची शाळा सुटली."

"येगळे झालात म्हंजे नळ नाचत येल काय दारात?"

"नाय येनार. मना ठाऊक हाय. नव्या पंचायतीचं हापीसबी नवशाच्या पाड्यावर होनार, तिकडं रस्ता हाय म्हून. तितंबी आमी कडंलाच."

"मंग कशाला मरतेस?"

"भांडाया तरी जवळ पडंल."

जानकीबाई खळखळून हसली.

"लावणीला कोन येल तुज्याकडं?"

"मी न् शकू."

"दीड एकराला? दिवाळी उजाडंल गो बये."

रात्री अंथरुणावर बारकीनं तेच मोजलं होतं. लावणी दहा दिवसांची, पाणी बारा महिन्यांचं. पण ते दहा दिवस चुकले तर वर्षभर शिजवायचं काय? मोजून मोजून तिला शीण आला होता, आणि हिशेब दर वेळी निराळा येत होता.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा राब निम्मा झाला होता. जानकीबाईनं तिच्या हातातली टोपली ओढून घेतली.

"जा आता. पाड्यावर वाट बघत असतील."

"सही करून परत येते ना. सांजंपत्तुर पुरा करते."

"नको येऊ. अर्धाच दिस धरते मी."

"आनि अर्धा?"

"ऱ्हाऊ दे बाकी. बाकी हाय तवर सावड मोडली असं कोन म्हनंल? आमचा म्हाताराबी रीत मोडायचा नाय. आनि मोडलीच, तं मी एकली येईन."

"घरात वाजंल तुज्या."

"आज काय नवीन वाजनार हाय? जा, नायतर पुरा दिस धरीन."

बारकी नाला ओलांडून पाड्यावर गेली. शाळेच्या पडवीत लडकूनं कागद पुढे केला. "आत्या, हितं." साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं तिनं एकेक करून उतरवली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. म्हातारा नामा म्हणाला, "बारके, आता आपलं राज्य गो!"

"व्हय. आदी मना बसू दे जरा," ती म्हणाली. पण बसली नाही.

जानकी एकटी आली तरी चारांच्या जागी एकच. बुधाजी रीत पाळेल की नाही, ते आषाढात कळेल. ती घरी आली. शकू अजून पाण्यावरून आली नव्हती. तिनं चूल पेटवली, नाचणीचं पीठ परातीत घेतलं आणि भाकरी थापायला बसली.