भर दुपारी बाहेर आलेले अहीर

गुडघाभर पाण्यात उभी राहून मी बंधाऱ्याच्या दगडांमधली भोकं तपासत होते, तेव्हा पहिला अहीर माझ्या बुटाला घासून गेला.

तळोज्याच्या केमिकल कारखान्यांच्या खालच्या अंगाचा ओढा. त्यावरून रस्ता जाणार होता, म्हणून आधी माशांचा सर्व्हे. तो आमच्या कन्सल्टन्सीकडे होता. सोबत गावातले दामूकाका, मासेमारीत जन्म गेलेले.

अहीर म्हणजे गोड्या पाण्यातली वाम, सापासारखा लांब मासा. वर्षानुवर्षं ओढ्यात वाढतो, अंडी घालायला समुद्रात जातो तो कायमचा. पिल्लं खाडीतून वर येतात. वाट अडली किंवा पाणी नासलं की तिथली पिढी संपली. संकटातल्या जीवांच्या जागतिक यादीत तो धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. दिवसा तो भोकातच दडून राहतो.

दुसरा आला, तिसरा आला. डोकी पाण्याबाहेर काढून दगडांवर चढू लागले. मी खुशीत कॅमेरा काढला. काकांचा चेहरा मात्र उतरला होता.

"बाय, आधी भायेर नीग. दिसाचा ह्यो भायेर येत नाय."

एक फोटो, म्हटलं. त्यांनी मनगट धरून मला काठावर ढकललं. तेवढ्यात वास आला. आंबट, घसा खरवडणारा. पाण्याचा रंग तसाच होता, त्याचीच जास्त भीती वाटली. काका अनवाणी होते आणि त्यांचा पाय दगडांत अडकला होता. मी दोन्ही हातांनी त्यांना ओढत होते. पाय सुटला तेव्हा पोटरीपर्यंत लालबुंद झाला होता.

पिण्याचं सगळं पाणी त्यावर ओतलं आणि रिक्षाने पनवेल गाठलं. डॉक्टरांनी विचारलं, केमिकल कोणतं? मला माहीत नव्हतं.

काकांचे फोड महिन्याभरात बरे झाले. त्या घटनेच्या दुसऱ्याच दिवशी मी एकटी ओढ्यावर गेले होते. दगडांवर अकरा अहीर मरून पडले होते.

करंजाड्याच्या ऑफिसात आमच्या कन्सल्टन्सीचे सर शांतपणे म्हणाले, "मेलेले म्हणजे आढळले नाहीत. तसंच लिही."

"सर, माझ्या पायाला लागून गेलेत ते."

नोकरी जाईल हे कळत होतं. तरी अकरा लिहिले आणि सही केली. ते पान रिपोर्टच्या अगदी शेवटी लागलं. रस्ता झाला. त्याखालून ओढा नेणारा पाइप खालच्या पाण्यापासून इतका उंच बसवला, की पिल्लू चढणार नाही. त्या कन्सल्टन्सीत मला पुढचं काम मिळालं नाही.

आता दुसरीकडे सर्व्हे करते; नव्या लोकांना घेऊन पाण्यात उतरते तेव्हा एवढंच सांगते: दिवसा अहीर दिसला, तर आधी बाहेर पडा. फोटो काठावरून.