बाबा अँटेना फिरवायला गेले तेव्हा

लेकीच्या टॅबवरचं कार्टून मध्येच अडकलं, की मला एक जुनी सकाळ आठवते.

आखातातल्या याच रिग्गई भागात, माझ्या लहानपणी, कार्टून फक्त सुट्टीच्या सकाळी टीव्हीवर लागायचं. अरबी कळायचं नाही, तरी चहात खारी बुडवत मी समोर बसायचो. त्या सकाळी पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या. वाऱ्याने अँटेना फिरला असेल म्हणून बाबा गच्चीवर गेले. मी खिडकीतून ओरडत होतो, "अजून नाही आलं, बाबा!"

ते खाली आले आणि आधी दाराला कडी लावली. आईला हळूच म्हणाले, "पडदे ओढ. रस्त्यावर रणगाडे आहेत."

टीव्हीवरची ती कार्टूनची सकाळ आता उरली नाही. लेक वैतागून ओरडते, "पप्पा, इट्स स्टक!" आणि मी वायफाय बघण्याआधी खिडकीतून रस्ता बघतो.